बिबट्या, गवा, वानर: ॲक्युपंक्चरची सुई नेमकी कुठे?

शिराळा तालुक्यात काम करणाऱ्या एका तरुण पशुवैद्यकाने विचारलं आहे: "मी कुत्र्यांवर ॲक्युपंक्चर शिकलोय. चांदोली भागात वाहनाची धडक बसलेला बिबट्या, विहिरीत पडलेला गवा, विजेचा धक्का बसलेलं वानर असे प्राणी वनविभाग आमच्याकडे आणतो. मागचे पाय ओढत चालणाऱ्या बिबट्याला कुत्र्याचेच पॉइंट चालतील का? वन्यप्राण्यांचा वेगळा तक्ता कुठे मिळेल?"

बिबट्याला कुत्र्याचे बरेच पॉइंट चालतात, गव्याला थोडे, वानराला माणसाचे. पण तक्ता शोधत बसू नका. बिबट्याचा किंवा गव्याचा म्हणून जो तक्ता हाती येईल, तो कुत्रा, बैल किंवा माणूस यांच्यावरून बेतलेला असणार. तुमच्या हातात काय हवं तर त्या प्राण्याचं हाड, स्नायू आणि नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू). पॉइंट, म्हणजे सुई लावायची जागा, हा शरीरातला पत्ता आहे. गल्ली माहीत असेल तर घर क्रमांकावाचूनही सापडतं.

मी २७ वर्षं साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आणि नंतर कराड-पाटण भागात काम केलं. सुई धरायला शिकलो ती खिलार बैलांवर. माणात आणि आटपाडीकडे बैल मागच्या पायाने लंगडू लागला की त्याच्या खुब्यावर डाग देत. तापलेल्या सळईच्या खुणा असलेले किती बैल पाहिले याचा हिशोब नाही. त्या प्रथेला माझा विरोध आहे, होता आणि राहील. पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली: जुने जाणकार डाग देण्याआधी बोटांनी दाबत दाबत जागा शोधायचे, आणि बैल जिथे कातडी थरथरवायचा तिथेच थांबायचे. दुखरी जागा बोटाने शोधणं हेच आपलंही पहिलं काम आहे.

आता तक्त्याची गोष्ट. चीनमध्ये जुन्या काळी घोडा, बैल, डुक्कर, उंट यांच्यावर सुया चालवत, त्यामुळे त्या जनावरांचे स्वतःचे पारंपरिक पॉइंट आहेत. कुत्र्या-मांजराचे बहुतेक पॉइंट मात्र माणसावरून उचलून बसवलेले आहेत. १९७४ मध्ये अमेरिकेत पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि पश्चिमेत पशुवैद्यकांचं रीतसर प्रशिक्षण त्या सुमारास सुरू झालं. भारतात माणसांवरचं ॲक्युपंक्चर रुजवलं डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते एक. पुढे १९५०च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. म्हणजे तुम्ही कुत्र्यावर शिकलात तो तक्ता माणसाचा होता, आणि आता तोच तुम्ही बिबट्याकडे नेताय. दोन वेळा नक्कल केलेला नकाशा आहे हा, म्हणून प्रत्येक वळणावर खात्री करायला हवी.

सुरुवात मणके मोजण्यापासून करा. माणसाला छातीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके. कुत्रा, मांजर, बिबट्या यांना छातीचे १३, कंबरेचे ७. गाय-बैल आणि गवा: १३ आणि ६. आपल्याकडच्या माकड-वानरांना साधारण १२ आणि ७. आणि तरस? ते दिसतं कुत्र्यासारखं, पण त्याला छातीचे १५ आणि कंबरेचे ५ मणके असतात. बेरीज कुत्र्याइतकीच, २०, पण शेवटची बरगडी दोन मणके मागे सरकलेली. माण-खटावच्या माळावर वाहनाखाली आलेलं तरस तुमच्याकडे आलं आणि तुम्ही सवयीने शेवटच्या बरगडीपासून कंबर मोजायला लागलात, तर दोन मणक्यांची चूक पहिल्या सुईलाच होते. कण्याशेजारून जाणाऱ्या पॉइंटच्या ब्लॅडर रेषेवरचा बीएल-२१ (अक्षरं रेषेची, आकडा तिच्यावरच्या पॉइंटचा) माणसात बाराव्या छातीच्या मणक्यापाशी आहे. कुत्र्यात तो तेराव्यापाशी ठेवतात, कारण शेवटची बरगडी तिथे आहे. तरसात तो तेराव्यापाशी ठेवायचा की पंधराव्यापाशी? मी बरगडी धरतो. पण तो माझा निर्णय आहे, तक्त्याचा नव्हे, आणि केसपेपरवर मी मणक्याचा क्रमांक लिहितो, पॉइंटचं नाव नंतर.

याहून महत्त्वाचं आहे नसांचं मूळ. माणसात खुब्यामागून पायात उतरणारी सायटिक नस चौथ्या कंबरमणक्यापासून तिसऱ्या त्रिकास्थी मणक्यापर्यंतच्या (त्रिकास्थी म्हणजे कंबरेमागचं, शेपटीच्या आधीचं हाड) मुळांतून बनते. कुत्र्या-मांजरात ती मुख्यतः सहाव्या-सातव्या कंबरमणक्याच्या आणि पहिल्या त्रिकास्थी मणक्याच्या मुळांतून येते. माणसाच्या पुस्तकात सायटिकासाठी "चौथ्या मणक्याच्या बाजूला" असं वाचून बिबट्याच्या चौथ्या कंबरमणक्याशी सुई लावली, तर तुम्ही सायटिकचं दार सोडून मांडीच्या पुढच्या बाजूच्या फेमोरल नसेचं दार ठोठावलं. मागचा पाय ओढणाऱ्या जनावरात हा फरक मोठा आहे. गुडघा सरळ करून अंगाचं वजन पेलणं फेमोरलचं काम. पंजा उलटा पडतो, पावलाची वरची बाजू जमिनीवर घासते, ती सायटिकची आणि तिच्या फांद्यांची तक्रार. आधी कोणती नस आजारी आहे ते ठरवा, मग तिचं मूळ आणि तिची वाट धरून सुया लावा.

बिबट्यात आणखी तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, सैल कातडी. मांजरकुळातल्या प्राण्याची कातडी अंगावर ढगळ सदऱ्यासारखी असते. तिच्याखाली कातडी थरथरवणारा पातळ स्नायू पसरलेला असतो. माणसाच्या पाठीत तो जवळजवळ नाहीच. बिबट्या कुशीवर पडला की पाठीची कातडी खाली ओघळते, आणि तुम्ही कातडीवर केलेली खूण आतल्या मणक्यापासून कितीतरी सरकते. मी म्हणूनच बेशुद्ध बिबट्याला छातीवर, चारही पाय दोन्ही बाजूंना समान ठेवून बसवतो आणि मगच मणके चाचपतो. पाठीच्या लांब स्नायूची बाहेरची कड, जिथे तो शेजारच्या स्नायूला भिडतो तिथली खाच, ही ब्लॅडर रेषेची जागा. ती खाच बोटाला लागली पाहिजे. लागत नसेल तर सुई नको.

दुसरी, बाय हुई. कंबर आणि त्रिकास्थी यांच्या मधला हा पॉइंट प्राण्यांत फार कामाचा. माणसात मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो, कुत्र्यात सहाव्या-सातव्यापाशी, आणि मांजरात तो त्रिकास्थीपर्यंत उतरतो. कुत्र्यावर जितक्या निर्धास्तपणे तुम्ही तिथे खोल जाता, तितकं मांजरकुळात जाऊ नका. अस्थिबंधापर्यंत, बस्स. छातीच्या मणक्यांशेजारी सुई कायम तिरकी आणि उथळ ठेवा. बिबट्याची छाती अरुंद असते, फुफ्फुस तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ असतं, आणि धडक बसलेल्या जनावराच्या छातीत आधीच हवा शिरलेली असू शकते.

तिसरी गोष्ट पुढच्या पायाची. मांजरकुळात दंडाच्या हाडाला कोपराच्या वर, आतल्या बाजूने एक भोक असतं आणि पंजाकडे उतरणारी मीडियन नस त्यातून जाते. कुत्र्यात हे भोक नाही. दंडाचं हाड खालच्या टोकाला मोडलेल्या बिबट्यात ही नस हाडाच्या तुकड्यांत सापडू शकते. अशा वेळी मनगटाजवळ पीसी-६ ला सुई लावून काय होणार? त्या पॉइंटचा सगळा कारभार मीडियन नसेवर चालतो, आणि तीच वर तुटलेली. आधी सर्जन.

गव्याकडे येऊ. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जो उंच कणा दिसतो, ते वशिंड नाही. छातीच्या मणक्यांचे वर गेलेले लांब काटे आहेत ते. त्यामुळे "मध्यरेषेपासून इतकी बोटं" हे माप तिथे फसतं, कातडी त्या उतारावरून खाली जाते. बरगडीच्या रुंदीवरून माप घ्या आणि स्नायूची खाच शोधा. पायांत तर अर्ध्या पॉइंटना जागाच नाही. माणसाचा एलआय-४ अंगठा आणि तर्जनी यांच्या हाडांमध्ये आहे. गव्याला अंगठा नाही, तळव्याची दोन हाडं जुळून एक झालेली आहेत. बारीक नळी, म्हणजे फिब्युला, गुरांत जवळपास नाहीशी झाली आहे, फक्त वरचा आणि खालचा अवशेष उरलाय. त्यामुळे "फिब्युलाच्या डोक्याच्या पुढे-खाली" हे जीबी-३४ चं वर्णन गव्यात शब्दशः लागू पडत नाही. तिथून वळसा घेऊन जाणारी पेरोनियल नस मात्र आहे. ती शोधा. बैलावर हात बसलेला असेल तर गवा परका वाटणार नाही. रानडुकराच्या नराला खांद्यावर कातडीखाली जाड ढाल असते, तिच्यातून बारीक सुई वाकते. तो प्रयोग करू नका.

वानर आणि लाल तोंडाची माकडं यांचे हात-पाय माणसाच्या तक्त्याला बरेच जुळतात, फक्त कंबरेला दोन मणके जास्त धरा. हातमोजे, मास्क आणि चावण्यापासून बचाव यांत तडजोड नको.

आता सुई करते काय? नुसता पॉइंट पाठ करणाऱ्याला हे माहीत नसतं आणि म्हणून तो औषधांशी गोंधळ घालतो. सुई लागली की स्नायू आणि आवरणातल्या बारीक नसा जाग्या होतात, मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवला जातो, मेंदूत शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं सुटतात. १९७६ मध्येच उंदरांवर दाखवलं गेलं की अफूचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं तर ॲक्युपंक्चरने आलेली बधिरता नाहीशी होते. सुयांना हलकी वीज जोडून २ हर्ट्झ दिलं तर त्या द्रव्यांपैकी एंडॉर्फिन-एन्केफॅलिन सुटतात, १०० हर्ट्झ दिलं तर डायनॉर्फिन, म्हणून आपण दोन्ही आलटून पालटून देतो. २०२१ मध्ये उंदरांवरच झालेलं एक काम तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. मागच्या पायाच्या, गुडघ्याखालच्या एसटी-३६ ला हलकी वीज दिल्यावर व्हेगस (मेंदूतून पोटाकडे जाणारी नस) आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीमार्फत दाह कमी झाला. तीच वीज पोटावरच्या पॉइंटला दिली तेव्हा झाला नाही. कारण? पायाच्या खोल आवरणात एका विशिष्ट जातीच्या नसा आहेत, पोटावर त्या तशा नाहीत. शरीररचना पॉइंटचा परिणाम ठरवते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

हे वन्यप्राण्यात का महत्त्वाचं? कारण तुमचा रुग्ण बहुतेक वेळा भुलेखाली असतो. झायलाझिन किंवा मेडेटोमिडिन या भुलेच्या औषधांचा परिणाम उलटवायला तुम्ही योहिंबिन किंवा ॲटिपामेझोल हे उलट औषध देता. मेंदूकडून खाली उतरणारा वेदना दाबणारा जो मार्ग सुई वापरते, त्यालाही ही उलट औषधं अडवतात. गव्याला एटॉर्फिन ही अफूवर्गातली भूल दिली असेल तर शेवटी तिचं उलट औषध नाल्ट्रेक्सोन येतं, मग एंडॉर्फिनचं दारच बंद. म्हणून सुया उलट औषधाच्या आधी, वीस मिनिटं, आणि त्यानंतर वेदनाशामक औषध वेगळं द्यायचंच. सुया लावल्या म्हणून मेलॉक्सिकॅम वाचवायचं नाही. केटामिनच्या भुलेखाली मांजरकुळातल्या प्राण्याला झटके येऊ शकतात, तेव्हा डोक्याच्या आसपास वीज लावू नका. हृदयाच्या आरपार जाईल अशी तार जोडू नका.

सगळ्यात उपयोगाचा एकच पॉइंट सांगा म्हणाल तर जीव्ही-२६. नाकाखालच्या उभ्या खाचेत, नाकपुड्यांच्या खालच्या कडेच्या रेषेत. भुलेखाली श्वास थांबला की साधी इंजेक्शनची बारीक सुई हाडाला टेकेपर्यंत घालून टोच-फिरव करायची. बिबट्याला ही खाच स्पष्ट असते. गव्याच्या रुंद ओल्या नाकाडाला खाच नाही, दोन नाकपुड्यांच्या बरोबर मधे घ्या. पण हे करताना दुसऱ्या माणसाने जीभ ओढून श्वासनलिका मोकळी केलेली असावी, ऑक्सिजन लागलेला असावा, उलट औषध सिरिंजमध्ये भरलेलं असावं. सुई ही मधल्या काही सेकंदांची मदत आहे.

आता माझी चूक ऐका, कारण ती तुम्ही करू नये. बऱ्याच वर्षांपूर्वी कुत्र्यांनी पिटाळलेली एक सांबर मादी कोयनेच्या बाजूच्या एका गावात शिरली आणि कुंपणात अडकली. मागचा पाय लुळा होता. डोळे बांधले, चार जणांनी धरली, आणि भूल न देता मी तिला सुया लावायला घेतल्या. मला वाटलं, औषध नाही म्हणजे धोका नाही. ती शांत पडून होती. हरणवर्गात ती शांतता भीतीची असते, हे तेव्हा मला उमगलं नाही. अंग तापत गेलं, श्वास वाढला, दुसऱ्या दिवशी लघवी गडद तपकिरी झाली आणि संध्याकाळी ती गेली. पकडण्याच्या ताणाने स्नायू जळून जातात ती ही अवस्था. पाठलागाने सुरुवात झालीच होती, पण मी धरून ठेवलेल्या त्या अर्ध्या तासाने तिचं उरलंसुरलं बळ संपवलं. तेव्हापासून जागं सांबर, चितळ, भेकर यांना मी सुई लावलेली नाही. सुईसाठी वन्यप्राणी धरायचा नाही. ड्रेसिंग, एक्स-रे, टाके यांसाठी तो भुलेखाली आहेच, तर त्या वेळात सुया लावा. त्यासाठी वेगळी भूल द्यायची वेळ येत असेल तर सोडून द्या.

आता तुमच्या बिबट्याचं. पहिला प्रश्न धडक खरंच बसली का. रस्त्याकडेला सापडला म्हणजे वाहनानेच ठोकला, असं गृहीत धरू नका. मागचे पाय लुळे पडणं हे रेबीजमध्ये दिसतं, डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातही दिसतं. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर पसरला होता हे विसरू नका. कोल्हा, मुंगूस, बिबट्या, कुणीही असो, जखम दिसत नसेल तर लाळेला हात लागू देऊ नका आणि स्वतःची प्रतिबंधक लस झाली आहे का ते बघा. मग एक्स-रे. मणका मोडला असेल, सरकला असेल, तर सुया नाहीत. मग खोल वेदनेची परीक्षा: बोटाचं हाड चिमट्याने दाबल्यावर पाय नुसता आखडला तर तो रिफ्लेक्स झाला, प्राण्याने डोकं वळवलं किंवा गुरगुरला तर वेदना मेंदूपर्यंत पोचली. ही परीक्षा पूर्ण भुलेत खोटी ठरते. पिंजऱ्यात, हलक्या गुंगीत, लांब दांड्याच्या चिमट्याने करा. दोन दिवस उलटूनही खोल वेदना नसेल तर आशा फार कमी, आणि ते वनविभागाला स्पष्ट सांगायचं.

खोल वेदना आहे, मणका शाबूत आहे, असा बिबट्या असेल तर मी काय करतो ते सांगतो. कराडजवळ महामार्गावर धडक बसलेली एक मादी होती. दोन आठवड्यांत तिला जखमेसाठी तीन वेळा भूल द्यावी लागली. तिन्ही वेळा कंबरेच्या शेवटच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, बाय हुईला उथळ, खुब्यामागे जीबी-३० ला सायटिकच्या वाटेवर, गुडघ्यामागे बीएल-४० ला टिबियल नसेवर आणि एसटी-३६ ला, अशा सुया लावून वीस मिनिटं हलकी वीज दिली. तिसऱ्या वेळेपर्यंत ती पिंजऱ्यात चार पायांवर उभी राहत होती. सुयांमुळे राहिली का? मी तसा दावा करणार नाही. पिंजऱ्यातली विश्रांती, औषध आणि वेळ यांनीही ते केलं असेल. कुत्र्यांच्या मणक्याच्या गादीच्या आजारात विजेच्या ॲक्युपंक्चरने चालणं लवकर परतल्याचे अभ्यास आहेत. पण २००६ मध्ये पशुवैद्यकीय चाचण्यांचा जो पद्धतशीर आढावा निघाला, त्यात ठामपणे शिफारस करण्याइतका पुरावा सापडला नव्हता. वन्य सस्तन प्राण्यांत तर एकेका प्राण्याच्या हकिकतीच जास्त. त्यामुळे पंचनाम्याच्या कागदावर आणि पत्रकारांपुढे "ॲक्युपंक्चरने बिबट्या बरा झाला" असं कधी म्हणू नका.

उभं राहणं पुरेसं नाही, हेही सांगायला हवं. उसाच्या फडात सोडलेला बिबट्या लंगडत असेल तर त्याला रानडुक्कर मिळणार नाही. तो कुत्र्यांकडे, शेळ्यांकडे आणि वस्तीकडे वळेल. झाडावर चढतो का, उडी मारून उतरताना मागचा भाग कोसळतो का, हे कॅमेऱ्यावर पाहिल्याशिवाय सोडण्याची शिफारस करू नका. निर्णय वनविभागाचा असतो. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी, कागद मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातो. तुमचं मत मात्र लेखी असू द्या. जुन्नरच्या माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात जन्मभर राहणारे म्हातारे बिबटे, सांधे धरलेले सर्कशीतून आलेले प्राणी, पाळीव हत्ती यांच्यात ॲक्युपंक्चरला मला जास्त जागा दिसते. तिथे पिंजऱ्याच्या जाळीला अंग टेकवायची सवय लावता येते, उपचार महिनोन्‌महिने चालतो, आणि वेदना कमी होणं हाच हेतू असतो. रानात परत जाणाऱ्या पिल्लाला मात्र माणसाच्या हाताची सवय लावणं म्हणजे त्याचं नुकसान.

शेवटी, शिकायचं कुठे? शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात तुम्ही शरीररचना गुरांवर शिकला असाल, बिबट्या तिथे टेबलावर आला नसेल. मी शिकलो शवविच्छेदनात. बिबट्या मेला की वनाधिकाऱ्यांसमोर शवविच्छेदन होतं आणि मग दहन. अवयव तपासून नमुने घेऊन झाले की परवानगी मागून दहा-पंधरा मिनिटं जास्त घ्या. गुडघ्याच्या मागची कातडी उघडा, टिबियल आणि पेरोनियल नस वेगळी होते ती जागा बोटाने धरा, वर खुब्यापर्यंत जा. कोपराच्या वरचं ते भोक बघा, त्यातून जाणारी नस दोऱ्यासारखी उचलून बघा. कातडी ओढून ती मणक्यावर किती सरकते ते पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या वेळी शिराळ्यात असं शवविच्छेदन ठरलं तर आदल्या दिवशी कळवा. कराडहून दीड-दोन तासांत पोचेन, आपण दोघं मिळून बघू.